बी. बी. किंगचा एकच सूर काळजात का घुसतो, आणि तोच सूर आपण वाजवला की का घुसत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही ते दोघांनाही कळेल. तीन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवताय. ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग, त्याच्या 'द थ्रिल इज गॉन'ची सुरुवातीची गिटार टॅब (कुठल्या तारेवर कुठल्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीला, बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं) बघून एकही सूर न चुकता बसवलीत. मित्रांना ऐकवली, तर "बरोबर वाजलं" एवढं म्हणून ते पुन्हा मोबाइलमध्ये शिरले. मूळ रेकॉर्ड लावली की मात्र पहिल्याच ओळीला तुमचा गळा दाटून येतो. कुणीतरी सांगितलं की ब्लूज वाजवायला आधी आयुष्यात सोसावं लागतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "मी हिंजवडीत नोकरी करतो, ईएमआय सोडला तर माझ्याकडे दुःख नाही, मग मी ब्लूज सोडून देऊ का?" आणि जाता जाता विचारलंय की जाड तारा लावल्या तर फरक पडेल का.

तारांचं शेवटी बघू. सोडून देऊ नका, हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, आणि अडचण तिथेच आहे. भावना ही किंगच्या मनात साठवलेली वस्तू होती, ती त्याने गिटारमध्ये ओतली, तुमच्याकडे साठाच नाही म्हणून तुमची गिटार कोरडी, असं तुम्ही धरून चाललाय. मी बरीच वर्षं ब्लूज वाजवतो आणि शिकवतो, आणि मला हे पटत नाही. त्या रेकॉर्डमध्ये तुम्हाला जे ऐकू येतं ते निर्णय आहेत. सूर नेमका केव्हा लावायचा, तार किती ओढायची, किती वेळ हलवायची, किती जोरात छेडायची आणि मुख्य म्हणजे कुठे गप्प बसायचं. टॅबमध्ये यातलं जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फ्रेटचा आकडा असतो. तुम्ही आकडे वाजवलेत, आणि मित्रांनी आकड्यांना साजेशीच दाद दिली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात हे मान्य. तुम्ही किंग हेडफोनवर रात्री ऐकता आणि मित्रांनी तुम्हाला चहाच्या गडबडीत ऐकलं, हाही फरक आहेच. शिवाय सगळ्यांनाच किंग भिडतो असं नाही. माझ्याकडे किंग ऐकताना जांभई देणारे आणि अल्बर्ट किंग हा दुसरा ब्लूज गिटारवादक लावला की ताठ बसणारे विद्यार्थी येऊन गेलेत. पण तुम्हाला तो भिडतोय, म्हणजे कान तयार आहे. हाताचं बघायचंय.

किंगच्या वादनातली पहिली गोष्ट म्हणजे तो मुळात गाणारा माणूस होता. रायली बी. किंग, जन्म 16 सप्टेंबर 1925, मिसिसिपीत इटा बेना गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर. पहिले सूर कानावर पडले ते चर्चमध्ये. तिथे उपदेशक एक ओळ म्हणतो आणि समोरचे लोक तिला उत्तर देतात. पुढे मेम्फिसला जाऊन तो डब्ल्यूडीआयए रेडिओवर गाणी वाजवायला आणि गायला लागला. 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' हे तिथलं टोपणनाव, त्याचंच पुढे बी. बी. झालं. तर या माणसाची एक सवय ठाऊक असू द्या: तो गाताना गिटार वाजवत नसे. दोन्ही एकदम जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला स्वरांचा गुच्छ, वाजवण्यातही त्याला फारसा रस नव्हता, ते काम बँडचं. तो एक ओळ गायचा, थांबायचा, मग गिटार त्या ओळीला उत्तर द्यायची.

आता हे बारा बारच्या साच्यात बसवून बघा. बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, बहुधा चार मात्रांचं. नेहमीच्या ब्लूजमध्ये चार-चार बारच्या तीन ओळी असतात. गाणं प्रत्येक ओळीतले साधारण पहिले दोन बार खातं, उरलेले दोन मोकळे राहतात. ही मोकळी जागा म्हणजे उत्तराची जागा. सुरुवातीच्या सोलोत कुणी गात नसतं, तरी किंग तसाच वाजवतो: एक वाक्य, मग श्वास, मग त्या वाक्याला जोडून दुसरं. गिटारला श्वास लागत नाही, म्हणून आपण गिटारवाले बडबडे असतो. गाणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. किंगच्या गिटारमध्ये तो श्वास ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला समोर कुणीतरी बोलतंय असं वाटतं. तुमच्या टॅबमध्ये त्या जागी विरामाची खूण असेल. पैजेवर सांगतो, ती तुम्ही घाईत उडवली असणार. बहुतेक सगळे उडवतात.

दुसरी गोष्ट स्वरांची, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण खरा ऐवज इथे आहे.

'द थ्रिल इज गॉन' बी मायनरमध्ये आहे, म्हणजे बी हा षड्ज आणि गंधार कोमल (मेजरमध्ये तो शुद्ध असतो). दुसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटला बी मिळतो, त्याला षड्ज धरा. चौदाव्या फ्रेटला सी शार्प, म्हणजे शुद्ध रिषभ. तिथून तार अर्ध्या स्वराने वर ओढली की कोमल गंधार, पूर्ण स्वराने ओढली की शुद्ध गंधार. या षड्जाभोवतीच्या वरच्या दोन-तीन तारांवर किंग इतका रमायचा की गिटारवाले त्या जागेला 'बी. बी. बॉक्स' म्हणतात. जागा एवढीशी, तळहाताखाली मावेल इतकी. त्यात षड्ज, रिषभ, मध्यम, पंचम आणि खालच्या बाजूला शुद्ध धैवत. तुम्ही घोटलेल्या मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या साच्यात हा रिषभ आणि हा धैवत नाहीतच. किंगच्या वाजवण्यात दुःखाबरोबर एक गोडवा येतो तो पुष्कळसा या दोघांमुळे, आणि या वळणावर आधीच्या पिढीतल्या टी-बोन वॉकर या ब्लूज गिटारवादकाचा मोठा प्रभाव आहे. नुसतं रडकं वाजवलेलं ब्लूज दोन मिनिटांत कंटाळा आणतं. किंगचं आणत नाही.

गंधाराची गंमत याहून मोठी. ब्लूजमधला गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. पियानोवर त्याला पट्टी नाही. नेहमीच्या, मेजर अंगाच्या ब्लूजमध्ये खाली बँड शुद्ध गंधार असलेली कॉर्ड धरून बसलेला असतो आणि वर गळा किंवा गिटार त्याच गंधाराला खालून ढकलत असते. दोन्ही एकदम ऐकू येतात आणि घासतात. ते घर्षण पूर्ण सुटत नाही, म्हणून मन तिथेच अडकून राहतं. 'थ्रिल' मायनरमध्ये असल्यामुळे तिथे मुक्काम कोमल गंधारावर, पण तो तिथे कसा पोहोचतो ते ऐका: रिषभावरून निघून, तार ओढत, कधी पटकन तर कधी इतक्या संथ की पोहोचेल की नाही अशी शंका यावी. दरबारीतला गंधार पेटीवर नुसती पट्टी दाबून मिळत नाही, हे आपल्याकडे शास्त्रीय ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. कान तोच लावायचा. साम्य मात्र तिथेच थांबतं. ब्लूज हा राग नाही, त्याच्याखाली कॉर्ड बदलत राहतात आणि तोच सूर चार बारनंतर वेगळा वाटायला लागतो. पहिल्या कॉर्डवर घर वाटणारा षड्ज सहाव्या स्वरावरच्या जी कॉर्डवर आला की उपरा वाटतो. किंग सूर तोच ठेवतो आणि कॉर्डना तो बदलू देतो. नवा सूर शोधायची घाई त्याला नसते.

तिसरी गोष्ट व्हिब्रॅटो, म्हणजे धरलेल्या सुराला दिलेला कंप. त्याचा जन्म ऐकण्यासारखा आहे. मेम्फिसला किंग आधी उतरला तो त्याच्या नात्यातल्या बुका व्हाइटकडे. बुका व्हाइट स्लाइड वाजवायचा, आणि तारेवर घसरणाऱ्या त्या धातूचा कंप किंगला मोहात पाडायचा. स्लाइड काही त्याच्या हाताला बसली नाही. मग तोच कंप नुसत्या बोटाने काढायचा त्याने ध्यास घेतला. त्याचे जुने व्हिडिओ बघा: पहिलं बोट तारेवर, अंगठा मानेच्या मागून सुटलेला, आणि बाकी पंजा फुलपाखराच्या पंखासारखा फडफडतोय. हालचाल मनगटातून येते, बोट फक्त टेकलेलं असतं. कंप बारीक, जलद आणि एकसारखा. वर गेलेला सूर प्रत्येक वेळी मूळ जागी परत येतो. इथेच बहुतेकांचं फसतं. शिकाऊ वादकाचा व्हिब्रॅटो घाबरल्यासारखा असतो, एक हेलकावा मोठा, पुढचा लहान, तिसरा नाहीच. कानाला तो थरथरणारा हात वाटतो. किंगचा ऐकताना हात पूर्ण ताब्यात आहे हे कळतं आणि तरी सूर हेलावलेला वाटतो. ताबा आणि हेलावणं एकाच वेळी, हेच त्या सुरातलं कसब आहे.

आणि हे सगळं जवळजवळ स्वच्छ आवाजात. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं, फारसं नाही. डिस्टॉर्शन सूर लांबवतं, छोट्यामोठ्या चुकांवर पांघरूण घालतं, आणि हळू छेडलेलं नि जोरात छेडलेलं जवळपास एकाच पातळीवर आणून ठेवतं. किंगकडे पांघरूणच नव्हतं. एका ओळीत तीन सूर असतील तर तिघांचा जोर तीन प्रकारचा. रेकॉर्डच्या उत्तरार्धात व्हायोलिनचा ताफा वर चढत जातो. ही तारवाद्यं मूळ रेकॉर्डिंग झाल्यावर निर्माता बिल सिमझिकच्या कल्पनेतून घातली गेली. त्या गर्दीत गिटार आवाज चढवत नाही, उलट मोजकंच बोलते. गाणं जून 1969 मध्ये रेकॉर्ड झालं, 1970 मध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत 15 व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. ते आधी 1951 मध्ये रॉय हॉकिन्सने गायलेलं होतं, हेही लक्षात घ्या. म्हणजे जगभर किंगचं खासगी दुःख म्हणून ऐकलं जाणारं गाणं दुसऱ्याचं आहे.

इथून सोसण्याच्या मुद्द्यावर येतो.

किंगने सोसलं होतं यात वाद नाही. आई लहानपणीच गेली, नंतर सांभाळणारी आजीही गेली, पोरवयात एकटा राहिला. मळ्यावर कापूस वेचला, ट्रॅक्टर हाकला. गोऱ्यांची आणि काळ्यांची दारं वेगळी असलेल्या राज्यात तो वाढला, आणि तिथे काळ्या माणसाच्या जिवाची किंमत काय होती हे त्याने पाहिलेलं होतं. त्याच्या संगीतामागचा हा इतिहास विसरून चालणार नाही. पण दुसरी बाजूही बघा. 1956 या एका वर्षात त्याने 342 ठिकाणी कार्यक्रम केले. रोज नवं गाव, रोज तीच गाणी. 342 रात्री ताजं दुःख कुठून आणायचं? कोणीच आणू शकत नाही. गावोगाव तेच आख्यान लावून रोज नव्या गावाच्या डोळ्यांत पाणी आणणारा कीर्तनकार जे करतो तेच हे. तो स्वतः रोज रडत नाही. कुठल्या शब्दाआधी थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

याचा पुरावा हवा असेल तर 'लाइव्ह ॲट द रीगल' ऐका, शिकागोच्या रीगल थिएटरात 21 नोव्हेंबर 1964 ला झालेलं रेकॉर्डिंग. त्यात 'हाउ ब्लू कॅन यू गेट' आहे. एका जागी बँड अचानक तुटक वाजवायला लागतो, एक ठोका आणि शांतता, आणि त्या शांततेत किंग तक्रारीची एकेक ओळ टाकत जातो. प्रत्येक ओळीला आरडाओरडा वाढतो, आणि शेवटच्या ओळीला थिएटर अक्षरशः फुटतं. तो प्रेक्षकही ऐका. त्यांना ते दुःख ओळखीचं आहे, किंग ते किती रंगवून सांगतोय हेही कळतंय, आणि ते हसतायत. ब्लूज म्हणजे नुसतं रडणं, असं ज्याने तुम्हाला सांगितलं त्याला ही रेकॉर्ड ऐकवा.

उलट टोकाचा प्रसंग साठच्या दशकाच्या शेवटचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातला. किंगने आयुष्यभर काळ्या प्रेक्षकांपुढे वाजवलेलं. इथे दारात लांब केसांची गोरी पोरं बसलेली दिसली, तेव्हा आपली गाडी चुकीच्या पत्त्यावर आली असं त्याला वाटलं. तो स्टेजवर येताच सगळे उठून उभे राहिले, आणि किंगला रडू आवरेना. त्या पोरांनी कापूस वेचलेला नव्हता. ऐकायला तो वेचावा लागत नाही. मग वाजवायला? माझं मत: नाही, पण नम्रता हवी. मिसिसिपीचा उच्चार घोटून गायला लागलात की हास्यास्पद होतं. हात मात्र त्या परंपरेतून शिकता येतो. शिलाँगचा 'सोलमेट' बँड ऐका, कुणाची नक्कल करत नाहीत आणि ब्लूज पक्कं आहे. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. वाजवता वाजवता आवाज इतका खाली नेणं की अख्ख्या सभागृहाने कान टवकारावेत, ही त्याची ख्याती. संधी मिळाली तर असं ब्लूज प्रत्यक्ष ऐका, कारण आवाजाचे चढउतार मोबाइलच्या स्पीकरवर मरून जातात.

(किंगच्या गिटारचं नाव लुसिल कसं पडलं ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावात नाचाच्या हॉलला आग लागली, किंग गिटारसाठी परत आत धावला, आणि नंतर कळलं की लुसिल नावाच्या बाईवरून दोघे भांडले आणि त्यातून आग लागली. गोष्ट खरी आणि छान आहे. पण लोक ती सांगण्यात इतके रमतात की गिटार ऐकायची राहून जाते.)

आता करायचं काय. मी विद्यार्थ्यांना सांगतो तेच सांगतो.

गिटार बाजूला ठेवा आणि सोलोचे पहिले बारा बार गाऊन दाखवा. सरगम नको, 'ला ला' चालेल. गळा चांगला नसला तरी चालेल. जिथे श्वास घ्यावा लागला तिथे खूण करा. मग वाजवताना त्याच जागी थांबा, तोंडाने श्वास घेऊन. वेड्यासारखं वाटेल, पण माझ्या अनुभवात याइतकं लवकर दुसरं काहीच बदलत नाही.

मग एकच बेंड, म्हणजे तार ओढून लावलेला सूर, घ्या. तानपुऱ्याचं ॲप असेल तर पांढरी सात लावा, म्हणजे बीचा षड्ज मिळेल. दुसऱ्या तारेवर पंधरावा फ्रेट वाजवून कोमल गंधार कानात घ्या, आता चौदाव्यावरून तार ओढून तोच सूर गाठा. तो तानपुऱ्यावर बिनचूक बसेपर्यंत पुढे जाऊ नका. याला दिवस लागतील की महिने, ते कानावर आणि रोजच्या वेळेवर अवलंबून आहे. ज्यांनी लहानपणी थोडं गाणं शिकलंय त्यांचं लवकर होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बिनचूक बसला की मगच शुद्ध गंधारापर्यंतची मधली जागा चाचपा.

व्हिब्रॅटोला मेट्रोनोम साठवर ठेवा, एका ठोक्यात चार हेलकावे, सगळे सारखे. अंगठा सुटा. हे वाजवणं रुक्ष वाटेल, कारण ते रुक्षच आहे. हात स्थिर झाला की मेट्रोनोम बंद करायचा.

आणि शेवटचं: पेडल बंद, आवाज स्वच्छ, बारा बारचा एखादा बॅकिंग ट्रॅक. पहिले दोन बार गुणगुणा, पुढच्या दोन बारमध्ये गिटारने उत्तर द्या, तेही तीनच सुरांत. तीन सुरांत काही सांगता येत नसेल तर तेरा सुरांतही येणार नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर बोटांची मेहनत आठवत राहते आणि कान लबाडी करतो.

थोडक्यात, आधी श्वास, मग बेंडचा सूर, मग कंप. वेग या यादीत नाही, तो तुमच्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. ईएमआयचं दुःख पुरेसं आहे की नाही याची काळजी नको.

राहिल्या तारा. जाड तारांशिवाय ब्लूजचा आवाज येत नाही ही समजूत फार पसरलीय. किंगच्या नावाने निघालेल्या संचात पहिली तार दहाची (म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत मोजलेली जाडी) आहे, आणि झीझी टॉपचा बिली गिबन्स सांगतो की त्याच्या गिटारवरच्या जाड तारा बघून किंगनेच त्याला विचारलं होतं, एवढे कष्ट कशाला घेतोस? तेव्हा नऊचा किंवा दहाचा सेट लावा. पैसे तारांवर घालवण्याऐवजी गिटार एकदा चांगल्या कारागिराकडून सेट करून घ्या. बेंड सोडल्यावर 'टिक' असा आवाज येऊन तार बेसूर होत असेल तर ती बहुधा नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं टोक घासा, तात्पुरतं काम भागेल.